मॅमोग्राफी

मॅमोग्राफी : कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांनी स्तनाचे चित्र घेऊन रोग शोधण्याची पद्धती. हाताला न लागणारी गाठही ती दाखवू शकते. ती गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे मात्र पेशी तपासूनच ठरते. हा भेद नीट ध्यानात ठेवायला हवा, कारण स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण वयात फायब्रोॲडिनोमा (ग्रंथी व तंतूंची निरुपद्रवी गाठ), चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी, अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत गळू हे नेहमीचे प्रकार होत. भारतात स्तनाचा क्षयही आढळतो आणि तो कर्करोगासारखा भासू शकतो.

उगम : या पद्धतीचे जनकत्व कोणाकडे जाते, याविषयी एकमत नाही. बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमोन यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेला अभ्यास १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. अर्बुदात (पेशींच्या अनिर्बंध वाढीच्या गाठीत) दिसणारे बारीक ठिपके त्यांनी नोंदवले, पण निदानातील त्यांचे मोल तेव्हा उमगले नाही. (ज्यू असल्यामुळे सालोमोन यांना पुढे नाझी छळछावणीत जावे लागले. चित्रकार शार्लोटे सालोमोन या त्यांच्या कन्या.) जिवंत रुग्णांची चित्रे स्टॅफर्ड वॉरन यांनी रॉचेस्टर येथे १९३० मध्ये प्रसिद्ध केली. स्तन दाबून सपाट केल्यास चित्र स्पष्ट येते आणि ते बारीक ठिपके, म्हणजे कॅल्शियमचे कण, कर्करोगाची खूण असू शकतात, हे माँटेव्हिडिओचे राउल लेबोर्न यांनी १९४० च्या दशकाअखेरीस दाखवले. ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी १९६० मध्ये कमी किलोव्होल्ट (किरणांची ऊर्जा कमी) व जास्त मिलिॲम्पिअरचे (किरणांचे प्रमाण जास्त) ठरावीक तंत्र मांडले. ते इतरांनाही तंतोतंत वापरता आले. पहिलेपणाचा मान सालोमोन यांचाच. तथापि आज रुग्णालयांत जे होते त्याचा आरंभ लेबोर्न यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

तंत्र : चरबी, ग्रंथी व अर्बुद यांच्या घनतेत फारसा फरक नसतो, किरणांची ऊर्जा वाढली की तोही पुसला जातो. म्हणून स्ट्रासबर्गचे शार्ल ग्रो यांनी १९६० च्या दशकात टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनमचा धनाग्र (नळीतील ज्या धातूवरून क्ष-किरण निघतात तो भाग) वापरला. प्रत्येक स्तनाची सहसा दोन चित्रे घेतात : एक वरून, एक तिरके. दाब काही सेकंदांचाच असतो, तरी तो दुखतो. पाळी येऊन गेल्यावरच्या आठवड्यात त्रास कमी होतो. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्यातील कण चित्रात कॅल्शियमसारखे दिसू शकतात.

अर्थनिर्णय : काटेरी कडांची गाठ व दुधाच्या नलिकेच्या रेषेत विखुरलेले वेडेवाकडे बारीक कण संशयास्पद मानतात, फायब्रोॲडिनोमातील मोठे, जाडसर कॅल्शियम निरुपद्रवी असते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने १९९३ मध्ये आणलेल्या बाय-रॅड्स या अहवाल-लेखनाच्या प्रमाणित पद्धतीत अहवालाला ० ते ६ असा वर्ग मिळतो. वर्ग ३ मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते, वर्ग ५ मध्ये ती किमान ९५ टक्के असते. वर्ग ४ म्हणजे कर्करोगाची चौथी अवस्था नव्हे. अहवाल हाती पडताच अनेक कुटुंबे या आकड्याने हादरतात. त्याचा अर्थ सुईने तुकडा काढून तपासा, एवढाच.

निदान : हाताने तपासणी, चित्र व ऊतीची (पेशीसमूहाची) तपासणी या तिन्हींचा मेळ बसला तरच निदान पक्के धरतात. तरुण स्त्रियांचे स्तन दाट असल्याने मॅमोग्राममध्ये गाठ झाकली जाते. तेथे आधी सोनोग्राफी करतात. बारीक सुईने केवळ पेशी मिळतात. जाड सुईच्या बायोप्सीत ऊतीचा तुकडा मिळतो आणि त्यावर संप्रेरक-ग्राही (संप्रेरकांना प्रतिसाद देणारी प्रथिने) व हर-२ (पेशींची वाढ घडवणारे प्रथिन) यांच्या चाचण्याही करता येतात.

सामूहिक चाळणी : लक्षणे नसलेल्या स्त्रियांची सरसकट तपासणी म्हणजे चाळणी. तिचा लाभ पाहण्यासाठी १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिप या आरोग्य विमा योजनेच्या सभासद स्त्रियांवर सुरू झालेला अभ्यास ही पहिली मोठी चाचणी. तीत मॅमोग्राफीला हाताच्या तपासणीची जोड होती, त्यामुळे लाभ नेमका कशाचा हा वाद राहिला. केवळ हाताच्या तपासणीचे मोल मुंबईत तपासले गेले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. एकूण मृत्यूंतील सुमारे १५ टक्के घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. ही वयवार विभागणी नंतर केलेली असल्याने तो आकडा जपून वापरावा. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही.