दोन फोन, एक शिल्लक

सोलापूरच्या पूर्व भागात काकांचा टॉवेलचा कारखाना आहे आणि चाटी गल्लीत दुकान. माल एकच, पण त्याचा हिशेब दोन फोनवर, नेटने एकमेकांशी जुळवलेला. गेल्या उन्हाळ्यात वीज गेली, वायफाय गेलं, रेंजही गेली. कारखान्यात मुकादमांनी उरलेले 20 डझन एका गिऱ्हाइकाला दिले. दुकानात काकांनी तेच 20 डझन दुसऱ्याला लावले. नेट आलं तेव्हा शिल्लक दिसली उणे 20. माझ्या एम.टेक.च्या प्रबंधावर ‘मोबाईल व वितरित संगणन’ (म्हणजे अनेक यंत्रांनी मिळून करायचं काम) असं भारदस्त नाव आहे, पण शोध चाललाय तो या उणे 20 चा.

प्रश्न मोबाईलपेक्षा जुना आहे. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून 1978 मध्ये संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी घड्याळ बाजूलाच ठेवलं. प्रत्येक यंत्राने स्वतःचा आकडा ठेवायचा, दर घटनेला तो एकाने वाढवायचा, निरोपासोबत पाठवायचा. ज्याला निरोप मिळाला त्याने दोहोंतला मोठा आकडा घेऊन त्यात एक मिळवायचा. कारण आधी, परिणाम नंतर, एवढं यातून पक्कं होतं. पण ज्या दोन घटनांना एकमेकींची खबरच नाही, त्यांत आधीची कुठली? मुकादमांची विक्री आणि काकांची विक्री नेमकी अशीच होती.

तुटलेल्या नेटवर्कवरही काम चालू ठेवायचं, हे मनावर घेतलं ते कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘कोडा’ या फाइल प्रणालीने. 1987 मध्ये ते काम सुरू झालं. प्रमुख महादेव सत्यनारायणन, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. लागणाऱ्या फाइली आधीच भरून ठेवायच्या, संपर्क तुटला की त्यांवर काम करायचं, जोडला की बदल परत चढवायचे. घरात वर्षाची ज्वारी भरून ठेवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

भारतात पहिला मोबाईल कॉल लागला तो 1995 मध्ये. त्याच वर्षी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी ‘बायू’ मांडलं, तुटक संपर्कातही नोंदी ठेवणारी प्रणाली. त्यात प्रत्येक नोंदच आपली अट आणि पर्याय सोबत घेऊन येते. बैठकीची खोली राखायची तर: ही वेळ भरली असेल तर तासाभरानंतरची द्या. कल्पना सुरेख, पण असे पर्याय आधीच सुचून लिहून ठेवणारा प्रोग्रामर मला अजून भेटायचाय.

2000 मध्ये संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी सांगितलं की नेटवर्क तुटलं असताना अचूक एकमत आणि अखंड सेवा दोन्ही मिळत नाहीत. 2002 मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी ते सिद्ध केलं. 2011 मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी आपोआप जुळणाऱ्या नोंदींचा पाया घातला. उत्पादन मोजायला त्या फार सोयीच्या. प्रत्येक फोनने फक्त आपलेच डझन मोजायचे, दुसऱ्याचा आकडा आला तर जुन्या-नव्यातला मोठा ठेवायचा, शेवटी बेरीज. तोच निरोप दोनदा आला तरी बेरीज फुगत नाही.

अडतं ते वजाबाकीत. विकलेले डझनही असेच वेगळे मोजता येतात, पण शिल्लक शून्याखाली जाऊ नये ही अट एकट्या फोनला कळणार कशी? इथे मला 1986 मधला पॅट्रिक ओनील यांचा निबंध सापडला: व्यवहार पुरा होण्याआधीच त्याच्यापुरता माल राखून ठेवायचा. पुढे इतरांनी हाच साठा यंत्रायंत्रांत वाटून दिला. प्रत्येकाने आपल्या वाट्यातूनच विकायचं, मग कुणाला विचारायला नको.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “फोन नव्हता तवा आमी हेच करत होतो की. दुकानाला 50 डझन, बाकीचा माल कारखान्यात. तिकडचा इकडं कुनी इकायचा न्हाई.”

मग दुकानातले 50 संपले, कारखान्यात माल पडून आणि फोन लागत नाही, तेव्हा काय करायचं? मी विचारलं.

“पोरगं धाडायचो सायकलवर.”

सध्या मी अडकलेय ती इथेच: नेट असतानाच कुणाला किती वाटा द्यावा, म्हणजे सायकल कमी वेळा काढावी लागेल.