इल्या नावाचे तीन शास्त्रज्ञ

नोबेल पारितोषिकांच्या यादीत इल्या हे नाव तीन निरनिराळ्या विषयांत आढळते. १९०८ साली वैद्यकशास्त्रासाठी इल्या मेचनिकोव्ह, १९५८ साली पदार्थविज्ञानासाठी इल्या फ्रँक आणि १९७७ साली रसायनशास्त्रासाठी इल्या प्रिगोजिन. रशियात हे नाव इतके रुळलेले आहे की तिघांनी ते धारण करावे यात नवल नाही. मात्र तिघांचे काम एकापाठोपाठ वाचले की एक साम्य लक्षात येते. आधीच्या अभ्यासकांनी ज्या गोष्टीला उपद्रव, अशुद्धी किंवा नासाडी म्हणून बाजूला सारले होते, तिच्याकडेच या तिघांनी निरखून पाहिले.

नावाचा उगम हिब्रू आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात इस्रायलच्या राज्यात होऊन गेलेला, राजा अहाबला जाब विचारणारा आणि शेवटी अग्निरथातून सदेह स्वर्गात गेला असे ज्याच्याविषयी सांगितले जाते, तो संदेष्टा एलियाहू. ग्रीकमध्ये तो एलियास झाला आणि ग्रीक चर्चमार्फत स्लाव्ह लोकांपर्यंत पोहोचून इल्या झाला. रशियन खेड्यांत मेघगर्जना म्हणजे संत इल्याच्या रथाचा गडगडाट असा समज होता, आणि २ ऑगस्टला येणाऱ्या त्याच्या सणानंतर नदीत पोहू नये असे वडीलधारी माणसे अजूनही सांगतात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि ज्यू अशा दोन्ही घरांत सहज चालणारे असे हे नाव आहे. चित्रकार इल्या रेपिन पहिल्या परंपरेतले, तर लेखक इल्या एरेनबुर्ग दुसऱ्या.

कोकणालाही हा संदेष्टा परका नाही. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल हा ज्यू समाज एलियाहू हनाबीला, म्हणजे संदेष्टा एलियाहूला, मनापासून मानतो. नवस फेडताना, लग्नकार्यात किंवा नव्या घरात जाताना गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने केला जातो, आणि अलिबागजवळच्या खंडाळा गावातील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी या समाजाची श्रद्धा आहे.

मेचनिकोव्ह यांच्या घरात हे नाव वडिलांकडूनच आले होते, म्हणून त्यांचे पूर्ण नाव इल्या इल्यिच. त्यांचा जन्म १८४५ साली आजच्या युक्रेनमधील खारकीव्ह परिसरात झाला. वडील रशियन जमीनदार, तर आई मूळच्या ज्यू घराण्यातली. प्राणिशास्त्राचे हे प्राध्यापक १८८२ साली ओडेसा विद्यापीठातील राजकीय ताणतणावांना कंटाळून राजीनामा देऊन बाहेर पडले आणि कुटुंबासह सिसिलीतील मेसिना येथे राहायला गेले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेलेली असताना ते एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या अळीचे निरीक्षण करत बसले होते. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे तिच्या शरीरात इकडेतिकडे सरकणाऱ्या पेशी जिवंतपणी स्पष्ट दिसतात. या फिरत्या पेशी शरीराचे रक्षण करत असतील काय, असा विचार त्यांच्या मनात आला. तसे असेल तर अळीच्या अंगात काटा टोचल्यावर त्या त्याच्याभोवती गोळा व्हायला हव्यात. त्यांनी बागेत जाऊन गुलाबाचे काटे आणले, अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले आणि अस्वस्थपणे रात्र काढली. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता.

या साध्या प्रयोगाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची समजूत माहीत हवी. जखम लाल होते, सुजते, तिथे पू धरतो, हे सर्व रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे होते असे मानले जाई. तारामाशाच्या अळीला तर रक्तवाहिन्याच नसतात, तरीही पेशी जमल्या होत्या, म्हणजे पेशींचे जमणे हीच मूळ क्रिया असली पाहिजे. पुवात सापडणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसतात हे वैद्यांनी पाहिले होते, पण या पेशी जंतूंना शरीरभर वाहून नेतात असा बहुतेकांचा निष्कर्ष होता. मेचनिकोव्ह यांनी तो उलटा केला आणि या पेशी जंतूंना खाऊन टाकतात असे मांडले. पुढे डाफ्निया या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यात त्यांनी हे युद्ध प्रत्यक्ष पाहिले. एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू आतड्याची भिंत भेदून आत येतात आणि पेशी त्यांना वेढतात. पेशी पुरेशा पडल्या तर प्राणी वाचतो, बीजाणू वरचढ ठरले तर मरतो. भक्षकपेशींचा हा सिद्धांत सहजासहजी मान्य झाला नाही. रक्तद्रवातील विरघळलेले पदार्थच जंतूंचा नाश करतात, असा जर्मन शास्त्रज्ञांचा आग्रह होता, आणि तो वाद कित्येक वर्षे चालला. १९०८ चे पारितोषिक मेचनिकोव्ह आणि रक्तद्रवाच्या बाजूचे पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले. आज आपल्याला ठाऊक आहे की दोन्ही व्यवस्था हातात हात घालून काम करतात. प्रतिपिंडे, म्हणजे रक्तद्रवातील संरक्षक प्रथिने, जंतूंवर चिकटली की भक्षकपेशींना ते गिळणे सोपे जाते.

मेचनिकोव्ह यांचा एक धागा थेट मुंबईत येतो. ओडेसातील त्यांचे एक विद्यार्थी, ज्यू कुटुंबात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन, १८८९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेचनिकोव्ह त्याआधीच लुई पाश्चर यांच्या निमंत्रणावरून तिथे आलेले होते. हाफकिन यांना आरंभी ग्रंथालयातली दुय्यम जागा पत्करावी लागली, तरी त्यांनी तिथेच कॉलऱ्याची लस बनवली. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दुसरे इल्या, फ्रँक, १९०८ साली, म्हणजे मेचनिकोव्ह यांना नोबेल मिळाले त्याच वर्षी, सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मले. वडील ज्यू गणितज्ञ, आई ऑर्थोडॉक्स कुटुंबातली डॉक्टर. त्यांच्या कामाची सुरुवात मात्र दुसऱ्याच्या चिकाटीतून झाली. पावेल चेरेन्कोव्ह हे तरुण संशोधक रेडियमच्या किरणांखाली ठेवलेल्या द्रवांतून निघणारा मंद निळा प्रकाश तपासत होते. उपकरणे तोकडी असल्याने डोळा हेच साधन होते, आणि डोळे सरावावेत म्हणून मोजमापापूर्वी तासभर गडद अंधारात बसून राहावे लागे. असा प्रकाश याआधीही काहींना दिसला होता, पण द्रवातील पदार्थांची नेहमीची चमक म्हणून तो सोडून देण्यात आला होता. चेरेन्कोव्ह यांनी अतिशुद्ध पाणी घेतले तरी प्रकाश कायम राहिला.

१९३७ साली फ्रँक आणि इगोर टाम यांनी त्याचे गणिती स्पष्टीकरण दिले. निर्वात पोकळीतील प्रकाशाच्या वेगाला कोणताच कण मागे टाकू शकत नाही. पाण्यात मात्र प्रकाशच मंदावून सेकंदाला सुमारे २,२५,००० किलोमीटरवर येतो, त्यामुळे एखादा वेगवान इलेक्ट्रॉन तिथे त्याच्या पुढे जाऊ शकतो. लाटांपेक्षा वेगाने जाणाऱ्या होडीमागे जसा पाण्याचा पाचर तयार होतो, तसा त्या इलेक्ट्रॉनमागे प्रकाशाचा शंकू तयार होतो. त्या शंकूचा कोन कणाच्या वेगावर अवलंबून असल्याने कोन मोजला की वेग कळतो, आणि इथेच या निळ्या प्रकाशाचे रूपांतर एका शोधयंत्रात झाले. जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगात ५०,००० टन पाण्यातून हाच प्रकाश टिपून न्यूट्रिनो या सहसा हाती न लागणाऱ्या सूक्ष्म कणांचा माग काढतात. तुर्भे येथे १९५६ साली सुरू झालेली अप्सरा ही अणुभट्टी पाण्याच्या हौदात होती, आणि तिच्या गाभ्याभोवतीही हीच निळाई दिसे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हान्ले येथे उभारलेली २१ मीटर व्यासाची मेस ही दुर्बीण अंतराळातून आलेल्या गॅमा किरणांमुळे वातावरणात क्षणभर चमकणारा चेरेन्कोव्ह प्रकाश पाहते.

तिसरे, प्रिगोजिन, १९१७ च्या जानेवारीत, क्रांतीच्या तोंडावर, मॉस्कोतील एका ज्यू रासायनिक अभियंत्याच्या घरी जन्मले. १९२१ साली कुटुंबाने देश सोडला आणि जर्मनीमार्गे ते बेल्जियममध्ये स्थिरावले. तिघांपैकी समजायला सर्वांत कठीण काम यांचेच, पण मला ते सर्वांत धाडसीही वाटते. उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता आणि ऊर्जा यांच्या शास्त्राच्या, दुसऱ्या नियमानुसार बंदिस्त व्यवस्थेतील अव्यवस्था वाढतच जाते, आणि त्यामुळे उष्णतेचे विखुरणे म्हणजे केवळ नुकसान, अशी दृष्टी रूढ होती. प्रिगोजिन यांनी प्रश्न केला की जी व्यवस्था बंदिस्त नाही, जिच्यात ऊर्जा एकीकडून येते आणि दुसरीकडून जाते, तिचे काय होते? तव्यावरच्या तेलाचा पातळ थर खालून तापवला तर ठरावीक मर्यादेपलीकडे त्यात षट्कोनी कप्प्यांची नक्षी उमटते, आणि उष्णतेचा प्रवाह थांबला की ती विरते. अशा रचना ऊर्जा विखुरण्याच्या क्रियेतूनच जन्माला येतात व तिच्यावरच टिकतात, हे त्यांनी गणिताने मांडले.

रसायनातले उदाहरण त्यांच्याच जन्मभूमीतले होते. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ बोरिस बेलोऊसोव्ह यांना १९५१ च्या सुमारास असे मिश्रण सापडले, जे आपोआप पिवळे होई, रंगहीन होई आणि पुन्हा पिवळे होई. असे घडणे अशक्य आहे असे सांगून नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला होता. १९६१ पासून अनातोली झाबोतिन्स्की यांनी ते काम पुढे नेले, आणि ब्रुसेल्समध्ये प्रिगोजिन व रेने लेफेव्हर यांनी १९६८ साली अशा पुन्हापुन्हा होणाऱ्या चढउतारांचे छोटे गणिती प्रारूप तयार केले, जे ब्रुसेलेटर या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच गटातील अल्बर्ट गोल्डबेटर यांनी हे गणित सजीवांकडे वळवले. यीस्टच्या पेशीत साखर फुटताना होणाऱ्या चढउतारांचे प्रारूप त्यांनी लेफेव्हर यांच्यासह मांडले, आणि १९९५ साली फळमाशीच्या शरीरातील दिवसरात्रीचे घड्याळ एका प्रथिनाच्या घटण्यावाढण्यातून कसे चालू राहते, याचेही प्रारूप त्यांनी तयार केले.