पोथीचे पाठभेद आणि गाळातले प्रथिन

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने काढलेल्या वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे कोणतेही पान उघडा. वर श्लोक, खाली बारीक टायपात पाठभेद: अमक्या पोथीत हा शब्द, तमक्या पोथीत तो. १९६० ते १९७५ या काळात सातही कांडे अशी छापून निघाली. माझी भाची इथल्याच विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करते. तिला हे पान दाखवले तर म्हणाली, "मामा, हे तर आमचं अलाइनमेंट!"

अलाइनमेंट म्हणजे सारख्या ओळी एकाखाली एक लावून त्यांतले फरक पाहणे. सुरुवातीला मला ती थट्टा वाटली. पण प्रथिन म्हणजे तरी काय? वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. प्रत्येक आम्लाला एक अक्षर दिले की प्रथिन ओळीसारखे लिहिता येते. या माळेतला एखादा तुकडा स्वतःपुरता घडी पडून उभा राहतो आणि बहुधा ठरावीक काम करतो. त्याला डोमेन म्हणतात. तो साधारण ५० ते २५० आम्लांचा असतो. एकच सुभाषित महाभारतात भेटते, पंचतंत्रातही भेटते. तसा एकच डोमेन उत्क्रांतीने निरनिराळ्या प्रथिनांत बसवलेला असतो.

आता असे सारखे तुकडे शोधायचे कसे? १९९० साली आलेले ब्लास्ट हे सॉफ्टवेअर आजही पहिल्यांदा वापरले जाते. एक ओळ द्या, तिच्यासारख्या ओळी ते काढून देते. जवळचे नातलग त्याला छान सापडतात. लांबचे मात्र निसटतात, कारण कुठला बदल चालतो आणि कुठला चालत नाही, हे एकट्या ओळीवरून कळतच नाही. एकच पोथी हाती असलेल्या संपादकाची हीच अडचण.

२०१६ साली जपानमध्ये साकाई शहरातल्या, प्लास्टिक बाटल्यांवर पुनर्प्रक्रिया होणाऱ्या जागी इडिओनेला साकाइएन्सिस हा जिवाणू सापडला. बाटल्यांचे पीईटी प्लास्टिक तोडणारे त्याचे विकर (एन्झाइम) पाहा; विकर हेही प्रथिनच. त्यात एके ठिकाणी पाच आम्ले ओळीने येतात: ग्लायसीन, ट्रिप्टोफॅन, सेरीन, मेथिओनीन, ग्लायसीन. या विकराच्या चुलत भावंडांत या पाचांपैकी दुसऱ्या जागी बहुधा हिस्टिडीन असते. म्हणजे तिथे पाठभेद खपतो. पण मधले सेरीन हलत नाही. प्रत्यक्ष तोडण्याचे काम त्याचे आहे. लेखनिकाने तेवढे एक अक्षर चुकवले तर श्लोकाचा अर्थच जाईल.

हे सगळे पाठभेद आकड्यांत मांडले की तयार होते प्रोफाइल. कुठल्या जागी कोणते आम्ल किती वेळा येते, कुठे एखादे वाढते, कुठे गळते, याची शक्यता त्यात नोंदलेली असते. हिडन मार्कोव्ह मॉडेल या भारदस्त नावामागे एवढेच आहे. शॉन एडी यांचे 'हमर' हे सॉफ्टवेअर अशी प्रोफाइल बनवते आणि वापरते. तयार प्रोफाइलांचा संग्रह म्हणजे पीफॅम. हल्ली तो इंटरप्रो या मोठ्या संग्रहात मिळतो. शोध दोन दिशांनी घेता येतो. हाती प्रथिन असेल तर ते सगळ्या प्रोफाइलांशी ताडून बघायचे, आणि हाती प्रोफाइल असेल तर सगळी प्रथिने धुंडाळायची. नवखे लोक इथेच घोळ घालतात.

२०१८ मध्ये हॅम्बर्गच्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. पीईटी तोडणाऱ्या माहीत असलेल्या विकरांवरून प्रोफाइल बांधले आणि डेटाबेस चाळले. ५०४ उमेदवार निघाले. मग समुद्रातल्या १०८ आणि जमिनीवरच्या २५ नमुन्यांतून वाचलेल्या डीएनए-माहितीत शोध घेतला, तेव्हा आणखी ३४९. उमेदवार हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. डोमेन जुळला म्हणजे काम सिद्ध झाले असे नाही. प्रयोगशाळेत तपासून झालेली त्यांतली मोजकीच.

जुळणी किती खरी, यासाठी 'ई-मूल्य' पाहतात: एवढी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळाली असती? डेटाबेस वाढला की तेवढ्याच जुळणीचे ई-मूल्यही वाढते. बडोद्याच्या दांडिया बाजारात चष्मेवाले जोशी शोधणे वेगळे आणि अख्ख्या पुण्यात शोधणे वेगळे.

एवढे करून प्रथिन सापडले, तरी ते आले कुठून? एमग्निफायसारख्या संग्रहात माती, समुद्राचे पाणी, आतड्यातले जिवाणू अशा नमुन्यांतून वाचलेला डीएनए असतो. त्यावरून प्रथिने ओळखून त्यांवर डोमेनच्या खुणा केलेल्या असतात. खुणेवरून मागे जात मूळ नमुन्यापर्यंत पोचता येते. मात्र भाचीला जिथे तिथे अडते ते नमुन्याच्या नोंदीपाशी. ठिकाण: 'भारत'. तारीख: रिकामी. खोली, तापमान यांचे तर नावच नको. माझ्या मते सॉफ्टवेअरपेक्षा हे दुखणे मोठे. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते: कोणी, कुठे, कधी नकलून घेतली. पुष्पिका फाटलेली पोथी वाचता येते, पण तिचे गाव सांगता येत नाही.

गेल्या रविवारी भाची काळाघोडा पुलाखाली विश्वामित्री नदीचा गाळ आणायला निघाली. बाटलीवर तारीख, वेळ, पुलाचे नाव, अक्षांश-रेखांश सगळे घरूनच लिहून घेतले होते. काठावर मगर ऊन खात पडली होती. तासाभराने परत आली ती रिकामी बाटली घेऊन. लेबल मात्र एकदम चोख.