आरसी जेट उडवायला शिकणे (पुणे)

आरसी जेट म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरवरून चालवायचे, हवेच्या किंवा तप्त वायूच्या झोतावर उडणारे छोटे विमान. त्याचे दोन प्रकार आहेत. ईडीएफमध्ये (इलेक्ट्रिक डक्टेड फॅन) नळकांड्यात बसवलेला पंखा विजेच्या मोटरवर फिरतो. टर्बाइन मॉडेलमध्ये खरेखुरे जेट इंजिन असते. ते केरोसीनवर चालते आणि बेअरिंगसाठी त्यातच थोडे टर्बाइन तेल मिसळावे लागते. ब्रिटनमध्ये जेरी जॅकमन यांनी १९८३ साली टर्बाइनवरचे मॉडेल उडवून दाखवले. पुढे जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या वर्कशॉपमध्ये बनवता येईल असे इंजिन तयार केले आणि हे तंत्र हौशी मंडळींपर्यंत पोहोचले.

लोहगाव विमानतळावरच्या सुखोई लढाऊ विमानांचा आवाज ऐकत मोठ्या झालेल्या पुण्याच्या मुलांना जेटची ओढ लागणे साहजिक आहे. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवले जाते, तिथेही अनेकांना या छंदाची गोडी लागते. मात्र पहिलेच विमान म्हणून जेट घेऊ नये. आधी संगणकावरचा सिम्युलेटर, मग वर पंख असलेला संथ ट्रेनर, त्यानंतर खाली पंख असलेले चपळ विमान, मग फोमचे ईडीएफ आणि सगळ्यात शेवटी टर्बाइन, हा क्रम पाळावा. सुरुवातीला बडी बॉक्स लावून उडवणे उत्तम. त्यात दोन ट्रान्समीटर जोडलेले असतात आणि शिकणाऱ्याचा हात चुकला की शिकवणारा ताबा आपल्याकडे घेतो. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. अशा वेळी जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला स्टिक सरकवावी, विमान सरळ होते. ही सवय हातात इतकी मुरायला हवी की विचार करावा लागू नये, कारण ताशी १५० किलोमीटर वेगाने जाणारे मॉडेल एका सेकंदात चाळीसहून जास्त मीटर पुढे गेलेले असते.

तरीही जेटची खरी परीक्षा वेगात नाही, उतरण्यात आहे. पुढे प्रोपेलर असलेल्या विमानात थ्रॉटल दिला, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवला, की पंख्याचा वारा लगेच शेपटीवर येतो आणि एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीला) पकड मिळते. जेटचा झोत शेपटीच्या पृष्ठांवरून न जाता थेट मागे बाहेर पडतो, त्यामुळे वेग वाढेपर्यंत शेपूट ढिलीच राहते. त्यात टर्बाइनला आयडलवरून, म्हणजे सर्वात कमी फेऱ्यांवरून, पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. उतरताना वेग ताशी ६५ किलोमीटर धरला, तरी तीन सेकंदांत विमान पन्नासहून अधिक मीटर पुढे येते. विमान बुडायला लागल्यावर थ्रॉटल दिला तर उशीर झालेला असतो. म्हणून शेवटच्या वळणापासूनच थोडी पॉवर ठेवून, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) खाली सोडून, उतार थ्रॉटलने आणि वेग एलिव्हेटरने सांभाळत यायचे असते. जमणार नाही असे वाटले तर लवकर ठरवून पुन्हा फेरी मारायची. शिकवणारे बाजूला उभे राहून सारखे 'थ्रॉटल सोडू नकोस' म्हणतात ते याचसाठी. नाक वर खेचून विमान तरंगत ठेवायचा मोह झाला की वेग फार कमी होऊन एका बाजूचा पंख अचानक खाली कोसळतो, आणि तेवढ्या उंचीवरून सावरायला जागाच नसते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथली हवा साधारण पाच टक्के विरळ असते आणि एप्रिलच्या दुपारी आणखी विरळ होते. जोर कमी मिळतो, धाव लांबते आणि जमिनीला टेकतानाचा प्रत्यक्ष वेग वाढतो. पावसाळ्यात पश्चिमेचा जोरदार वारा आणि चिखल असतो. शिकायला सगळ्यात चांगली वेळ हिवाळ्यातली सकाळ, उन्हाने हवा हलायला लागण्याआधीची. ऊन चढले की घारी वर येऊन घिरट्या घालू लागतात, त्यांच्यापासून लांब राहावे.

ड्रोन नियम, २०२१ नुसार शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या रचनेला मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही. जागेचा प्रश्न मात्र पुण्यात अवघड आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरच्या वर जायला हवाई नियंत्रणाची परवानगी लागते, त्याहून जवळ तर जमिनीपासूनच कुठली ना कुठली सरकारी परवानगी लागते. लोहगावपासून मोजले तर शहराचा बराचसा भाग यातच येतो. शिवाय इथे लष्कराचे परिसर आहेत. त्यामुळे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहूनच माळ निवडावा आणि जमीनमालकाची परवानगी घ्यावी. गच्ची, सोसायटीचे मैदान किंवा टेकडी ही जेटची जागा नव्हे.

ईडीएफच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर तीन ते पाच मिनिटेच उडता येते, म्हणून टायमर लावून उतरण्यापुरता चार्ज राखावा लागतो. टर्बाइनच्या मागच्या तोंडाशी वायू पाचशे अंशांच्या पुढे तापलेला असतो. मार्च ते मे या काळात माळावरचे गवत वाळून कोळ झालेले असते आणि पडलेल्या मॉडेलमधून सांडलेले इंधन ते क्षणात पेटवते. धावपट्टीच्या कडेचे गवत आधी कापून घ्यावे, इंजिन सुरू करताना कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हाताशी ठेवावा आणि मागे कोणालाही उभे राहू देऊ नये. शेजारच्या शेतात कडब्याची गंजी असेल तर त्या दिवशी टर्बाइन उडवू नये.