मामा तलावांची पार्श्वभूमी : निस्ताराचे पाणी आणि देखभालीचा सुटलेला धागा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग येथील माजी मालगुजारी, म्हणजेच 'मामा', तलाव आज पुन्हा चर्चेत आहेत ते मुख्यतः गाळ काढण्याच्या कार्यक्रमांमुळे. तलावांची दुरवस्था केवळ गाळामुळे झाली, असा समज या चर्चेतून होतो. प्रत्यक्षात या मातीच्या धरणांचे आजचे स्वरूप १९५१ मध्ये झालेल्या एका कायदेशीर बदलाने आणि त्यानंतर वर्षानुवर्षे अनिर्णित राहिलेल्या पाणीपट्टीच्या एका वादाने ठरवले आहे. त्यामुळे या टिपणाचा भर त्या काळावर आहे.

तलावांचा आरंभ गोंड राजवटीतला मानला जातो. जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन द्यावी, असा चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) राजांचा शिरस्ता असल्याचे परंपरा सांगते, आणि बांधणीचे श्रेय प्रामुख्याने कोहळी समाजाकडे जाते. नवेगाव बांध हे त्यातले सर्वांत ठळक उदाहरण आहे. या भागात पाऊस भरपूर पडतो, परंतु खालचा खडक कठीण असल्याने विहिरींना पाणी बेताचेच लागते, आणि धान निसवण्याच्या सुमारास, हस्त नक्षत्राच्या आगेमागे, पावसाने ओढ दिली तर उभे पीक हातचे जाते. तलावाचे काम होते ते त्या वेळी एक-दोन पाणी देण्याचे. कोहळी गावांत त्याशिवाय तलावाखाली ऊसही होत असे.

रचना साधी होती. दोन टेकड्यांच्या मधली उतरण मातीच्या पाळीने अडवायची, पाळीच्या आतल्या अंगाला लाटांच्या माऱ्यासाठी दगड लावायचे, एका टोकाला जास्तीचे पाणी काढून देणारी सलंग ठेवायची आणि बांध्यांकडे (धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांकडे) पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडूम बसवायचे. तुडुमाची भोके लाकडी दट्ट्यांनी बंद केलेली असत आणि पाणी जसजसे उतरेल तसतसा खालचा दट्ट्या काढला जाई. वरच्या तलावाच्या सलंगीचे पाणी खालच्या तलावात आणि तेथून बोडीत (छोट्या तळ्यात) जात असल्यामुळे एका पाळीची हेळसांड ही खालच्या गावाचीही अडचण ठरत असे.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर, १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत (जमिनीचा सारा ठरवण्याच्या कामात) मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्यांना, गावाची मालकी मिळाली आणि तलावही त्यांच्या नावे आले. मात्र त्याच जमाबंदीत गावाच्या रीतीभाती वाजिब-उल-अर्ज या कागदात नोंदवल्या गेल्या. कोणत्या जमिनीला तलावाचे पाणी मिळते, ते कोणत्या क्रमाने मिळते आणि मासे कोण धरतो, हे त्यातून ठरले. मालगुजार तलावाचा धनी होता, पण पाण्याचा एकटा धनी नव्हता. त्या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही, कारण पाळीवर पडणारी माती पुष्कळदा कुळांच्या बेगारीनेच पडत असे. तरीही कोणी कोणते काम करायचे, हे गावात सर्वांना ठाऊक होते. त्या शतकाच्या अखेरच्या मोठ्या दुष्काळानंतर सरकारने घोडाझरी, असोलामेंढा, बोदलकसा, चोरखमारा असे स्वतःचे मोठे तलाव बांधले. तेथे पाणीपट्टी होती आणि देखभालीला खाते होते. मालगुजारी तलावांना यांपैकी काहीच लागू नव्हते. हा फरक पुढच्या वादात निर्णायक ठरला.

मालकी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला, कारण तेव्हा हे जिल्हे त्या राज्यात होते. या कायद्याने सरसकट सर्व तलाव शासनाकडे घेतले, असे आजही लिहिले जाते, पण ते बरोबर नाही. मालगुजाराच्या वहिवाटीच्या जमिनीतले तलाव त्याच्याकडेच राहिले. वहिवाटीबाहेरच्या जमिनीतल्या ज्या तलावांवर त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाचाही सिंचनाचा हक्क नव्हता, तेही त्यालाच मिळाले. म्हणजे वहिवाटीबाहेरच्या ज्या तलावांवर गावातल्या इतर शेतकऱ्यांचा पाण्याचा हक्क होता, नेमके तेच शासनाकडे गेले. गावाचा हक्क हेच तलाव शासनाच्या मालकीचा होण्याचे कारण ठरले, आणि म्हणून शासनाने तो हक्क ओझ्यासह स्वीकारला, असे मानणे रास्त आहे.

प्रशासनाची दृष्टी वेगळी होती. शासनाच्या मालकीच्या साठ्यातून पाणी घेतले तर त्याचा आकार द्यावा लागतो, हा सिंचन कायद्यांचा सामान्य नियम आहे, आणि त्यानुसार या तलावांच्या पाण्यावरही पट्टी बसवण्याचा प्रयत्न झाला. शेतकऱ्यांनी त्याला निस्तार हक्काच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या रूढीने चालत आलेल्या वापराच्या हक्काच्या, आधारे विरोध केला. त्यांचे म्हणणे भावनिक नव्हते. जमाबंदीत तलावाखालच्या धानजमिनीला कोरडवाहू धानजमिनीपेक्षा वरचा वर्ग देऊन सारा ठरवलेला होता. पाण्याचे मोल साऱ्यातच धरले असताना वेगळी पाणीपट्टी म्हणजे एकाच पाण्याचे दोनदा पैसे, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळाल्याचे दिसत नाही.

गुंता वाढला तो 'निस्तार' या शब्दामुळेही. लोकांच्या बोलण्यात गुरांचे पाणी, सरपण, चराई आणि शेताला मिळणारे तलावाचे पाणी हे सगळे निस्तारातच येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मात्र हे दोन ठिकाणी ठेवते. विदर्भातील गावांसाठीचे निस्तारपत्रक कलम १६१ मध्ये आहे आणि त्याचा संबंध भोगवट्यात नसलेल्या जमिनीवरील चराई, लाकूडफाटा यांच्याशी आहे. सिंचनाच्या आणि मासेमारीच्या रूढींची नोंद कलम १६५ खालच्या वाजिब-उल-अर्जमध्ये करायची असते. या कलमात ज्या जमिनी किंवा जे पाणी शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे किंवा ताब्यातले नाही, त्यापुरतीच ही नोंद सांगितली आहे. तलाव तर १९५१ मध्येच शासनाकडे गेलेले. ज्या रूढीमुळे तलाव सरकारी झाला, तीच रूढी तलाव सरकारी आहे म्हणून नव्या नोंदवहीच्या बाहेर राहिली. शेतकऱ्याच्या हाती उरला तो जमाबंदीचा जुना कागद, आणि तलावाखालच्या बांध्यांची खातेफोड होत गेली तसतसा तोही कोणत्या गटाला लागू होतो हे दाखवणे अवघड झाले.

व्यवहारात तडजोड झाली ती अशी, की नोंद असलेल्या निस्ताराच्या जमिनीला पाणी विनामूल्य मिळत राहिले आणि उरलेल्या जमिनीला पट्टी लागू झाली. हक्काच्या बाजूने हा निकाल न्याय्यच होता. पण तलावातून महसूल नाही, म्हणून दुरुस्तीला तरतूद नाही, अशी सांगड प्रशासनात बसत गेली आणि ती मात्र अन्यायाची होती. मालगुजाराचे दायित्व संपले, बेगार संपली (ती संपायलाच हवी होती), आणि पाळीवर दरवर्षी माती कोणी टाकायची हे कोणत्याच कागदावर आले नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव त्यांच्याकडे व मोठे तलाव राज्याच्या पाटबंधारे यंत्रणेकडे, अशी विभागणी झाली. एकाच साखळीतला वरचा तलाव एका कार्यालयाकडे आणि खालचा दुसऱ्याकडे, अशी उदाहरणे त्यातूनच निर्माण झाली.

परिणाम पाळीवर उभे राहिलात तर दिसतात. आतल्या अंगाचे दगड निखळलेले असतात, पाळीवर वाढलेल्या झाडांची मुळे मातीत शिरून पाझराला वाट करून देतात, तुडुमाच्या जागी बसवलेले लोखंडी दार गंजून अर्धवट उघडे अडकलेले असते. पाणी मागे हटल्यावर उघड्या पडणाऱ्या बुडीत भागात रब्बी पेरण्याची पद्धत वाढली आणि अशा पेरणीला तलाव पूर्ण भरलेला नको असतो. सलंग फोडून पातळी खाली ठेवण्याच्या तक्रारींमागे बहुधा हेच कारण असते.

या इतिहासात मासेमारीचा हक्क नेहमीच दुय्यम ठरला. ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळू लागले, पण ठेका पाण्यातल्या माशांचा असतो. पाणी किती ठेवायचे, हे शेतीच्या गरजेवरून ठरते. गेल्या काही वर्षांत अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्रियांच्या गटांनी तलावांतली बेशरम नावाची माजलेली वनस्पती उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासे वाढवले. तलाव म्हणजे केवळ किती पाणी मावते याचा हिशेब नव्हे, ही गोष्ट शासकीय अंदाजपत्रकांच्या आधी त्यांनी कृतीत आणली, याची नोंद व्हायला हवी.

जलयुक्त शिवार आणि २०१७ नंतरच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या कार्यक्रमांनी तलावांकडे पुन्हा पैसा आला. मात्र काम घनमीटरमध्ये मोजले जाते, आणि यंत्राने सरसकट खोदताना तळाचा पाणी धरणारा थर व काठावरची वनस्पती दोन्ही जाण्याचा धोका असतो. पाळ, सलंग आणि नहर यांची दुरुस्ती गाळाच्या मानाने मागेच राहते.

आता गोसीखुर्द प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात जुने तलाव कालव्याच्या पाण्याने भरून द्यावेत, अशी मागणी आहे. सरकारी असोलामेंढा तलाव त्या प्रकल्पाच्या उजव्या कालव्याशी जोडलाही गेला. मालगुजारी तलावांच्या बाबतीत मात्र ही जोडणी पाण्याबरोबर जुना वादही आणील, कारण कालव्याच्या पाण्याला पट्टी आहे आणि निस्ताराच्या बांध्यांना ती नाही. एकाच तलावात दोन्ही पाणी मिसळल्यावर आकारणी कशी करायची आणि पाळीची देखभाल कोणत्या कार्यालयाच्या खर्चात धरायची, हे जोडणीच्या आधी लेखी ठरवावे लागेल.