५१२ बाइटची वारसदारी

पॉवर बटण दाबल्याच्या क्षणी मेमरी रिकामी असते आणि प्रोसेसरला डिस्क म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. पहिली सूचना कुठल्या पत्त्यावरून उचलायची, एवढंच त्याला माहीत असतं.

१९७५ च्या अल्टेअर ८८०० या संगणकात हा सगळा भार माणसावर होता. पॅनेलवरचे खटके वरखाली करून एक छोटा लोडर (पुढचा प्रोग्रॅम मेमरीत आणणारा प्रोग्रॅम) बाइट-बाइट करत मेमरीत भरायचा, मग तो कागदी पट्टीवरून बेसिक ही प्रोग्रॅमिंग भाषा वाचून घेणार. मशीन बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.

ऑगस्ट १९८१ च्या आयबीएम पीसीने ही कटकट रॉममधल्या, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीतल्या, बायॉस या प्रोग्रॅमवर सोपवली. त्यातला ८०८८ प्रोसेसर जागा होतो तो एक एमबीची हद्द संपायला अवघे १६ बाइट उरलेले असताना. तेवढ्यात काय मावणार? बायॉसकडे उडी मारण्याची सूचना, बस. बायॉस मेमरी, कीबोर्ड तपासतो, बीप देतो, फ्लॉपीचा पहिला सेक्टर म्हणजे ५१२ बाइट ३१,७४४ या पत्त्यावर आणून ठेवतो आणि सूत्रं त्याच्याकडे देतो. आकडा विचित्र दिसतो, पण ३२ केबीतून एक केबी वजा केला की तोच येतो. डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी किमान ३२ केबी मेमरी धरली होती. लोडर वरच्या टोकाला सरकवला की खालची जागा डॉसला मोकळी. १६ जीबीच्या मशीनवरही जुन्या पद्धतीने बूट, म्हणजे सुरू, करा, पत्ता तोच.

१९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि त्याच ५१२ बाइटमध्ये पार्टिशन टेबलही (डिस्कच्या भागांची यादी) कोंबलं गेलं. चार नोंदींना ६४ बाइट, शेवटचे दोन खुणेचे (हेक्समध्ये ५५ आणि एए), लोडरला उरले जेमतेम ४४६. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटचा असल्याने सुमारे दोन टीबीपुढची डिस्क या टेबलला दिसतच नाही. तेव्हा याला कोणी अदूरदर्शी म्हटलं असतं असं वाटत नाही.

खरी गोची वेगळीच होती. त्या ५१२ बाइटना 'तू कोण?' असं बायॉस कधी विचारतच नसे. १९८६ मध्ये लाहोरहून पसरलेला ब्रेन व्हायरस नेमका तिथेच ठाण मांडून बसला. बाधित फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून मशीन चालू केलं की काम झालं.

तरी बायॉसची गादी हलली ती सुरक्षेपायी नाही, तर इंटेलच्या ६४ बिटच्या इटेनियम प्रोसेसरमुळे. बायॉसची १६ बिटची चौकट त्याला चालणारी नव्हती. नव्वदच्या दशकाअखेर इंटेलने सुरू केलेल्या कामातून पुढे यूईएफआय हे बायॉसची जागा घेणारं सॉफ्टवेअर आलं. २००५ पासून ते अनेक कंपन्यांच्या मंचाकडे आहे. ते पहिला सेक्टर न उचलता एका छोट्या पार्टिशनमधली फाइल चालवतं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट रुळलं आणि फाइल चालवण्याआधी तिची डिजिटल सही तपासली जाऊ लागली. बहुतेक मशीनवर ही सही पडताळणारी चावी मायक्रोसॉफ्टची, म्हणून लिनक्सवाले तेव्हा चांगलेच खवळले होते, आणि ते रास्तच होतं.

इंटेलचे आजचे पीसी प्रोसेसरही चालू होताना क्षणभर १६ बिटमध्येच असतात. ही सुरुवात काढून टाकण्याचा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला आणि २०२४ च्या अखेरीस सोडून दिला.