क्षारपूरण, लांब पल्ल्याच्या घोडदौडीतील

एंड्युरन्स या लांब पल्ल्याच्या घोडदौडीत घामावाटे गेलेले क्षार, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, घोड्याला तोंडावाटे देण्याची पद्धत. या क्रीडाप्रकाराचा आरंभ सामान्यतः कॅलिफोर्नियातील टेव्हिस कपपासून (१९५५, १०० मैल, २४ तास) धरतात. अमेरिकी घोडदळाच्या १९१९ च्या सुमाराच्या कसोट्या त्याआधीच्या. पण त्यांचा हेतू लष्करी होता. क्षारपूरण त्या मानाने अलीकडचे, बहुधा १९७० च्या दशकात रूढ झालेले. दौडीतील घोड्यांच्या रक्तातील क्षारांची कॅलिफोर्नियातील मोजमापे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली.

माणसाचा घाम रक्तद्रवापेक्षा फिका असतो, घोड्याचा तितकाच किंवा अधिक खारट. कडक उन्हात तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो आणि लिटरमागे सुमारे १० ग्रॅम क्षार; त्यांत सोडियम व क्लोराइड मुख्य, मग पोटॅशियम. (मानेवर व खोगिराच्या कडेने दिसणारा पांढरा फेस मिठाचा नव्हे, लॅथेरिन या प्रथिनामुळे येतो.) पाण्याबरोबर मीठही गेल्याने उरलेले रक्त फारसे खारट होत नाही, त्यामुळे तहान जागी होत नाही, अंगातले पाणी आटलेला घोडा भरल्या बादलीवरून तोंड फिरवतो. म्हणून दिलेल्या मिठाचे एक काम भरपाईचे, तर दुसरे, तितकेच मोलाचे, तहान लावण्याचे.

क्लोराइड घटले की रक्त अल्कधर्मी होते व मुक्त कॅल्शियम कमी पडते. मग मध्यपटलाची (छाती व पोट यांमधील स्नायूच्या पडद्याची) तंत्रिका हृदयाच्या ठोक्यासरशी उद्दीपित होऊन कुशीत उचकीसारखे हिसके बसतात. स्वार त्याला ‘थम्प्स’ म्हणतात. याच कारणाने मिश्रणात अल्कधर्मी असलेला खाण्याचा सोडा टाळतात. माणसांचे ओआरएसही येथे जुळत नाही, कारण ते जुलाबासाठी बेतलेले असते. तेथे रक्त आम्लतेकडे झुकते, येथे उलट.

पोटॅशियमबाबत मतभेद आहेत. घामाची हुबेहूब भरपाई व्हावी असे मानणारे सोडियम क्लोराइडच्या जोडीला पोटॅशियम क्लोराइड देतात. व्हर्जिनियातील संशोधकांनी त्यावर शंका घेतली. श्रम चालू असताना स्नायूंतून पोटॅशियम रक्तात उतरतेच. त्यात बाहेरची भर पडल्यास तंत्रिका व स्नायू अतिउत्तेजित होण्याचा संभव राहतो. वेगवान टप्प्यांपुरता हा आक्षेप सयुक्तिक वाटतो. संथ, दीर्घ दौडीत मात्र रक्तातील पोटॅशियम घटलेलेही आढळते, तेव्हा मुक्कामी भरपूर गवत देणे हा मध्यममार्ग ठरतो: गवतात पोटॅशियम विपुल असते आणि त्याच्या तंतूंमुळे मोठ्या आतड्यात पाण्याचा साठा टिकतो.

तीव्र द्रावण वारंवार दिल्याने जठरातील व्रण वाढल्याचे २००५ मधील एका प्रयोगात दिसले. पाणी न पिणाऱ्या घोड्याला ते दिल्यास शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते. मात्रा सहसा एका वेळी ३० ते ६० ग्रॅम. ती लापशीत किंवा सिरिंजने तोंडात देतात. शिरेतून द्रव देण्याची वेळ आलेला घोडा स्पर्धेतून बाद होतो.